न्यूझीलंडचा अध्यक्ष

लोकशाहीच्या इतिहासात क्वचितच असा क्षण येतो, जेव्हा स्वायत्त घटक आपापल्या अधिकाराचा त्याग करून अखिल जनतेच्या कौलापुढे मान झुकवतात. असा एक क्षण मी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्या वेळी मी जॉन्सनव्हिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये ओट्याशी उभी राहून गुळाच्या पोळ्यांच्या डब्याला चिकटलेला तीळ खरवडत होते, त्यामुळे क्षणाचा पूर्वार्ध माझा हुकला.

न्यूझीलंडमध्ये मराठी माणसं फार नाहीत, पण संस्था काढायला पुरतील इतकी आहेत. त्या काळी आमची पाच मंडळं होती. ऑकलंडच्या बाजूला न्यू लिनचं, सगळ्यांत मोठं. वेलिंग्टनच्या बाजूला आमचं जॉन्सनव्हिलचं. खाली दक्षिण बेटावर ख्राइस्टचर्चचं, डनीडनचं आणि नेल्सनचं. डनीडनचं मंडळ म्हणजे विद्यार्थी. परीक्षा आल्या की मंडळ बरखास्त झाल्यासारखं. नेल्सनचं मंडळ म्हणजे तीन घरं आणि एक हार्मोनियम.

या पाचांचा मिळून एक महासंघ होता आणि महासंघाला घटना होती. ती लिहिणारे बहुतेक पुण्याचे, त्यामुळे ती फार बारकाईने लिहिलेली होती. ज्यांच्यासाठी लिहिली तेही बहुतेक पुण्याचेच, त्यामुळे ती कोणी वाचली नव्हती. प्रत्येकाला ती आधीपासूनच माहीत होती. घटनेत असं होतं की दर दोन वर्षांनी संक्रांतीच्या जेवणाच्या दिवशी प्रत्येक मंडळाने आपल्या सभासदांचं मतदान घ्यायचं. ज्याला त्या मंडळात जास्त मतं, त्याला त्या मंडळाचं एक मत; ते मंडळाच्या प्रमुखाने जाहीर करायचं, आणि तो सांगेल तेच धरायचं. पाच मंडळं, पाच मतं. ज्याला तीन, तो अध्यक्ष. न्यू लिनच्या भरगच्च हॉललाही एक मत आणि हार्मोनियमवाल्या तीन घरांनाही एकच.

अध्यक्षाला अधिकार दोन. वार्षिक संमेलनात समई लावणं, आणि ‘भाषण आवरतं घ्या’ ही चिठ्ठी न मिळणं.

मी ग्रंथालयात नोकरी करते आणि मला अध्यक्ष व्हायचं नव्हतं. या दोन गुणांवर मला निवडणूक अधिकारी नेमण्यात आलं.

ज्याला अध्यक्ष व्हायचं होतं तो माझा जुना मित्र, आमच्याच मंडळाचा प्रमुख. आमची दोन्ही घरं एकाच वर्षी या देशात आली. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही घरांत मिळून एकच हीटर सुरू ठेवायचा असा आमचा नियम होता; ज्याच्या घरी हीटर त्याच्या घरी जेवण. सकाळी खिडक्यांच्या आतल्या बाजूने पाणी ओघळायचं, ते जुन्या टॉवेलने पुसता पुसता आम्ही पुण्यातल्या नोकऱ्या का सोडल्या यावर चर्चा करायचो. त्या चर्चेचा निष्कर्ष कधी निघाला नाही, खिडक्या मात्र स्वच्छ असायच्या. आता दोन्ही घरांना दुहेरी काचा आहेत आणि आम्ही महिनामहिना एकमेकांकडे जेवत नाही. तो हीटर कुठे गेला कोण जाणे.

मित्र सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करायचा, चांगलं करायचा, आणि त्याला त्याचं काही नव्हतं. त्याला काही होतं ते त्याच्या आईचं. त्याचा मोठा भाऊ पुण्यात एका मोठ्या सोसायटीचा चेअरमन होता. दर रविवारी व्हिडिओवर आई त्याचा वृत्तान्त द्यायची.

“त्याच्या सहीशिवाय पाण्याचा टँकर आत येत नाही. परवा लिफ्टच्या उद्घाटनाला नगरसेवक आला होता, त्याने आधी याला हार घातला. तुझं काय चाललंय?”

“मी मंडळाचा प्रमुख आहे ना, आई.”

“ते गल्लीतलं झालं रे. अख्ख्या न्यूझीलंडचा हो.”

म्हणून तो महासंघाच्या निवडणुकीला उभा राहिला. समोर ख्राइस्टचर्चच्या बाई होत्या. त्या इमारतींच्या इंजिनिअर. भूकंपानंतर ते शहर नव्याने उभं राहिलं त्यात त्यांचं बरंच काम होतं, आणि त्या बोलायच्याही अशा, की प्रत्येक वाक्याखाली पाया घातलेला आहे. आमच्या मित्राला न्यू लिनमध्ये आणि जॉन्सनव्हिलमध्ये ढीगभर मतं पडली. ख्राइस्टचर्च, डनीडन आणि नेल्सन मात्र थोड्या थोड्या फरकाने बाईंकडे गेले. देशभरची मतं मिळवली तर मित्राला किती तरी जास्त. मंडळं मोजली तर तीन-दोन. बाई अध्यक्ष झाल्या.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी होते. फोनवर आई होती.

“जास्त लोकांनी तुला मत दिलं?”

“हो.”

“आणि तू हरलास?”

“हो.”

“मग हा कसला देश?”

मित्राच्या शेजारून फोनमध्ये डोकावणारी त्याची मुलगी होती, ती इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, “आजी, इट्स लाइक अमेरिका.” आई म्हणाली, “अमेरिकेत गेला असतास तर निदान अमेरिकेत हरला असतास.” आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “पुढच्या निवडणुकीला मी येते. डॉक्टर म्हणतात आता फार तर एकदाच इतका लांबचा प्रवास. ती एक वारी मी त्या वेळेसाठी ठेवते. तुला खुर्चीत बसलेला बघून जाईन.”

भांडी घासायला मशीन असूनही मित्राने त्या रात्री ती हाताने घासली.

नातीने अमेरिकेचं नाव काढलं तिथून पुढचं सगळं सुरू झालं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरत नाही, राज्याराज्यांच्या मतांनी ठरतो. त्यामुळे जास्त लोकांची मतं मिळवूनही माणूस पडू शकतो, आणि पडलेलाही आहे. घटना बदलणं जवळपास अशक्य. म्हणून तिथल्या काही राज्यांनी आपसात एक करार केला आहे: आपल्या राज्यात कोणीही जिंको, देशभर ज्याला सर्वांत जास्त मतं, त्यालाच आपल्या राज्याची मतं द्यायची. मात्र निकाल फिरवायला पुरतील इतकी राज्यं सामील होईपर्यंत करार कपाटात. तो अजून कपाटातच आहे. हे सगळं मित्राने ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर बसून मला वाचून दाखवलं. शांतता राखा अशी पाटी आमच्या दोघांच्या मधोमध होती.

“आपली घटना बदलायला पाचही मंडळं लागतात,” तो म्हणाला. “नेल्सन कधी हो म्हणणार नाही. पण करार करायला तीनच पुरेत! तीन मंडळांनी ठरवलं तर बाकी दोघांना काहीही करू दे.”

“आणि करार मोडला तर शिक्षा काय?”

“लाज,” तो म्हणाला.

मला ती शिक्षा जरा सौम्य वाटली, पण मी निवडणूक अधिकारी होते, मला मत नव्हतं.

न्यू लिनच्या मंडळाचा प्रमुख तेव्हा एक तरुण होता. शिकायला आलेला आणि मग इथेच राहिलेला. त्याची स्वतःची डेअरी होती. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, ज्यात दूध सोडून सगळं आधी दिसतं. तो लगेच तयार झाला. “दादा, सगळ्यात जास्त पब्लिक आमचं. थेट मतं म्हणजे आमचाच फायदा. स्वीट ॲज.” म्हणजे इथल्या भाषेत झकास. नेल्सनने आणि डनीडनने नकार दिला, नेल्सनने मुद्देसूद, डनीडनने उत्तर न देऊन. राहिलं ख्राइस्टचर्च, म्हणजे जुन्या पद्धतीने नुकत्याच निवडून आलेल्या अध्यक्षीणबाई. त्यांना विचारायची कोणाची हिंमत होईना. शेवटी मीच फोन केला.

“मला कमी मतं पडली आणि मी अध्यक्ष,” त्या म्हणाल्या. “समई लावताना मला तेच आठवत होतं. कुठे सही करायची?”

करार झाला. संमेलनात त्याचं जाहीर वाचन झालं. न्यू लिनच्या प्रमुखाने ‘ऐतिहासिक’ हा शब्द इतक्या वेळा वापरला की मागच्या रांगेतली मुलं मोजू लागली.

दोन वर्षांनी डिसेंबरात आई आली. थंडीतून उन्हाळ्यात येतेय हे माहीत असूनही दोन स्वेटर, कानटोपी आणि स्पोर्ट्स शूज घालून. वेलिंग्टनच्या विमानतळावर दार उघडताच वाऱ्याने तिचा पदर उडवला, तशी म्हणाली, “स्वेटर उगाच नाही आणले.” हॉलमध्ये समई कुठे ठेवतात आणि अध्यक्ष कुठे बसतो, हे तिने पहिल्याच आठवड्यात जाऊन पाहून घेतलं. खुर्ची प्लॅस्टिकची आहे म्हणून थोडी खट्टू झाली, पण तिच्यावर शाल टाकता येईल असं तिनेच ठरवलं.

मित्राने प्रचाराची सुरुवात नेल्सनपासून केली. मागच्या वेळी तिथे एका मताने गेलेलं मंडळ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फेरीने सामुद्रधुनी ओलांडून, पुढे वळणावळणाच्या रस्त्याने आम्ही निघालो: तो, त्याची बायको, आई, मुलगी आणि मी. निवडणूक अधिकारी म्हणून मी जायला नको होतं. पण गाडीत जागा होती आणि मला चेरी हव्या होत्या.

त्या प्रवासाइतकं सुख मला नंतरच्या कुठल्याच सहलीत मिळालं नाही. भर समुद्रात बोट हलायला लागली तशी आई डोळे मिटून बसली आणि आम्हाला सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, जणू आमच्या बोलण्याने ती हलतेय. मग बोट डोंगरांच्या मधल्या शांत पाण्यात शिरली. दोन्ही बाजूंना हिरवे उतार पाण्यात उतरलेले, एखादं एकटं घर, एखादा धक्का. आईने डोळे उघडले. डबा काढला. चिवडा वाटता वाटता म्हणाली, “हे लोक दूध कुठून आणत असतील?” नात म्हणाली, “बाय बोट, आजी.” आई बराच वेळ त्या घरांकडे बघत राहिली. “एवढ्या लांब राहून माणसाला कोण ओळखणार,” म्हणाली. ते तिने घरांना उद्देशून म्हटलं की मुलाला, मला कळलं नाही. मित्र शेंगदाणे निवडून खात होता.

नेल्सनच्या तिन्ही घरांनी आम्हाला आलटून पालटून जेवू घातलं. हार्मोनियम बाहेर आली. आईने सुनेला पुढे करून दोन नाट्यपदं म्हणायला लावली, तिसऱ्या दिवशी तिन्ही घरं आमची झाली. परतीच्या बोटीवर मित्र फार खुशीत होता.

“नेल्सन आपलं! न्यू लिन, जॉन्सनव्हिल, नेल्सन. तीन!”

“बाबा,” मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली, “बट दॅट्स लाइक सिक्स पीपल.”

“नेल्सन जिंकलं आपण, राणी.”

“ओके. स्वीट ॲज.”

मी चेरी खात होते. करार कोणी लिहिला होता, तर त्याने. थेट मतांचा आग्रह कोणी धरला होता, तर त्याने. आणि प्रचार मात्र तो जुन्या पद्धतीने करत होता, मंडळं जिंकत. माणसं मोजायचा करार करून तो मंडळं मोजत होता, आणि आम्ही मोठी माणसंही त्याच्याबरोबर मोजत होतो.

ख्राइस्टचर्चच्या बाई पुन्हा उभ्या होत्या, पण त्या कुठेही गेल्या नाहीत. त्यांनी आपल्याच शहरात, गेल्या वेळी जे मत द्यायला आले नव्हते त्यांची घरं गाठली. आजारी, आळशी, रुसलेले, नुकतेच आलेले. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना आणायला गाड्या ठरवल्या. आणि संक्रांतीच्या जेवणात गुळाच्या पोळीबरोबर मिसळ ठेवली. हे आम्हाला नंतर कळलं.

मतदानाचा रविवार उजाडला आणि वेलिंग्टनचा वारा पडला. वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. पण जो त्या शहरात राहिलाय त्याला माहीत आहे की असे दिवस फार थोडे येतात, आणि असा दिवस आला की माणसं लग्नंसुद्धा लवकर आटोपतात. सकाळपासून मंडळाच्या ग्रुपवर समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो यायला लागले. पोहायचे टॉग्ज घातलेली मुलं, वाळूत उलटी पडलेली रबरी जँडल्स, थर्मासमधला चहा. खाली मजकूर: ‘तुम्ही काय, निवडून आल्यातच जमा आहात! संध्याकाळी पेढे घ्यायला येतो.’

हॉलमध्ये आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. जो आत येईल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवायची आणि म्हणायची, “माझ्या मुलाला द्या हो.”

“काकू,” मी म्हणाले, “मतदानाच्या जागी प्रचार करता येत नाही.”

“प्रचार कुठे करतेय? तिळगूळ देतेय.”

“पण ‘मुलाला द्या’ म्हणताय.”

“मग गोड बोला म्हणते. चालेल?”

त्यानंतर ती ‘गोड बोला’ म्हणून डोळ्यांनी मुलाकडे खूण करायची. घटनेत डोळ्यांबद्दल काही नव्हतं. पण येणारेच कमी होते. पोळ्या उरल्या, आणि आमच्या मंडळात पोळ्या उरणं म्हणजे काय हे सांगायला नको.

चार वाजेपर्यंत सगळीकडचे आकडे माझ्याकडे आले. न्यू लिन, जिकडे आम्ही फिरकलोच नव्हतो, मित्राने जेमतेम जिंकलं होतं. जॉन्सनव्हिल जिंकलं होतं, पण अर्धं मंडळ समुद्रात होतं. नेल्सन पूर्ण त्याचं. जुन्या पद्धतीने तीन-दोन, आमचा मित्र अध्यक्ष. पण ख्राइस्टचर्चमध्ये बाईंना इतकी मतं पडली होती, की देशभरची बेरीज केली तर त्या पुढे. आणि करार बेरजेचा होता.

पाच वाजता पाचही मंडळांचे प्रमुख भिंतीवरच्या पडद्यावर येऊन आपापल्या मंडळाचं मत जाहीर करणार होते. साडेचारला न्यू लिनच्या डेअरीवाल्याचा फोन आला. मित्राने तो स्पीकरवर लावला, बहुधा साक्षीदार हवा म्हणून.

“दादा, करार गेला उडत. तुमचं मत तुम्ही स्वतःला द्या, माझं मी तुम्हाला देतो, नेल्सन आहेच. तीन-दोन. घटनेप्रमाणे तुम्ही अध्यक्ष. करार काय, आपला आपण केलेला.”

“म्हणूनच,” मित्र म्हणाला. पण ते फोन ठेवल्यावर. फोनवर तो एवढंच म्हणाला, “बघतो.”

मग तो माझ्याकडे वळला. “तू निवडणूक अधिकारी आहेस.”

“घटनेप्रमाणे तुझ्या मंडळाचं मत तू सांगशील तेच मी लिहिणार,” मी म्हणाले. “त्याच्या पलीकडचं माझ्या खात्यात येत नाही.”

आई जवळ येऊन उभी राहिली होती. तिने नवी साडी नेसली होती, कानटोपी काढली होती. हातात शाल होती, खुर्चीवर टाकायची.

“काय झालं? आलास ना निवडून?”

“आई, मोजायच्या दोन पद्धती आहेत.”

“एकीत आलास ना?”

“हो.”

“मग ती घे.”

“मागच्या वेळी त्या पद्धतीने मी हरलो तेव्हा तू काय म्हणाली होतीस?”

आईने विचार केला. “मागच्या वेळी मी पुण्यात होते,” ती म्हणाली. “आता आलेय.”

मी डबे घासायला गेले. पूर्वार्ध हुकला तो असा. मी ओट्यावरून वळले तेव्हा पडदा सुरू झाला होता. नेल्सनने आपलं मत मित्राला दिलं होतं, डनीडनच्या पोराने सायकलचं हेल्मेट न काढता बाईंना. ख्राइस्टचर्चने बाईंना. न्यू लिनचा प्रमुख म्हणाला, “आधी दादांना बोलू द्या.” सगळं आता आमच्या हॉलवर आलं.

मित्र उभा राहिला. आई पहिल्या रांगेत, शाल मांडीवर. तो आईकडे बघत नव्हता, पडद्याकडेही नव्हता, समोरच्या भिंतीवर आग लागल्यास काय करावं याच्या सूचना होत्या, त्या वाचल्यासारखा तो म्हणाला, “करारानुसार जॉन्सनव्हिल मंडळाचं मत ख्राइस्टचर्चच्या उमेदवाराला.”

न्यू लिनचा प्रमुख म्हणाला, “आमचंपण.” आणि आवाज बंद करून बाजूच्या कोणाशी तरी बराच वेळ बोलत राहिला.

बाई पडद्यावर हात जोडून बसल्या होत्या. त्या भाषण करणार होत्या, कागद दिसत होता. त्यांनी तो घडी करून ठेवला आणि मित्राला म्हणाल्या, “तुमच्या आई आल्यात ना? कुठायत?” कॅमेरा आईकडे वळवला. आई अवघडून बसली. बाई म्हणाल्या, “काकू, नमस्कार करते.” आईने हात वर केला. पडदा बंद झाला.

मित्र खाली येऊन तिच्या शेजारी बसला. मला वाटलं ती आता रडेल, किंवा त्याच्या पाठीवरून हात फिरवेल. काही तरी भरून येण्यासारखं घडेल. ती म्हणाली, “मोठ्याने असं केलं नसतं.”

“नसतं केलं.”

“म्हणून तो चेअरमन आहे.”

मग तिने मांडीवरची शाल उलगडली आणि हॉलमधला हीटर बंद आहे असं सांगत त्याच्याच खांद्यावर टाकली. बाहेर कडकडीत ऊन होतं. त्याने ती काढली नाही. डबे गाडीत भरताना, खुर्च्या रचताना, उरलेल्या पोळ्या वाटताना तो ती शाल घेऊन वावरत होता, आणि किनाऱ्यावरून पेढे खायला आलेली, उन्हाने भाजलेली माणसं त्याला बघून निवडून आला असं समजून अभिनंदन करत होती. त्याने कोणालाच दुरुस्त केलं नाही. आईनेही नाही.

फेब्रुवारीत ती परत गेली. मला निरोप देताना म्हणाली, “ती बाई चांगली आहे गं. पण प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसणार, तिला काय त्याचं.” त्यानंतर डॉक्टरांनी तिला विमान बंद केलं. आता रविवारी व्हिडिओवर मोठ्या भावाच्या टँकरचा वृत्तान्त तसाच येतो. मित्र तो शेवटपर्यंत ऐकतो.

पुढच्या निवडणुकीला आम्ही सगळे त्याच्या मागे लागलो, की आता तरी उभा राहा, तुलाच मतं पडतील, कुठल्याही पद्धतीने मोजली तरी. “आई काही आता येत नाही,” तो म्हणाला, आणि विषय बदलला. ख्राइस्टचर्चच्या बाईंना दोन वेळा पुरे झालं होतं. डेअरीवाला ऑस्ट्रेलियाला गेला. अर्ज मागवण्याची मुदत मी दोनदा वाढवली. एकही अर्ज आला नाही.

करार अजून लागू आहे. महासंघाला सध्या अध्यक्ष नाही. समई हॉलचा केअरटेकर लावतो. त्याच्याकडे लायटर असतो.